कळफलक सांगोल्यात, संगणक भलतीकडेच

मराठीत ‘संपादक’ म्हटले की दिवाळी अंकाचे संपादक डोळ्यांसमोर येतात. म्हणून या लेखात मी ‘एडिटर’ हाच शब्द वापरणार आहे. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी ज्या साधनात बसून लिहितात, त्याला कोड एडिटर म्हणतात. मुळात ती कोऱ्या कागदासारखी साधी गोष्ट असते. तिला कामाची करतात ती एक्स्टेन्शन्स, म्हणजे बाहेरच्या लोकांनी लिहून जोडलेले छोटे प्रोग्रॅम. एखादे चूक दिसली की तांबडी नागमोडी रेघ ओढते, एखादे अर्धा शब्द टंकला की उरलेला सुचवते, तर एखादे नुसते रंग बदलते.

हा एडिटर ज्या संगणकावर उघडला आहे त्याच संगणकावर कामाच्या फाइली असतात, हे गृहीतक वर्षानुवर्षे सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसले होते. गेल्या सहा-सात वर्षांत ते ढिले झाले. आता एडिटर माझ्या टेबलावर असतो आणि फाइली, भाषा, चालणारा प्रोग्रॅम पुण्याच्या किंवा सिंगापूरच्या यंत्रावर असतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ही चैनीची गोष्ट नाही. आमच्याकडच्या मुलामुलींच्या हातात बहुधा ४ जीबी मेमरीचा, कुणीतरी वापरून दिलेला लॅपटॉप असतो. त्यावर आजची मोठी साधने चालताना धाप लागते. उलट गिटहब कोडस्पेसेस या सेवेत वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात. दोन कोअरचे, ८ जीबी मेमरीचे यंत्र घेतले तर ते ६० तास होतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ ऐकत शिकणाऱ्या मुलीला ते ६० तास पुष्कळ आहेत. पण पाठात दाखवलेले एक्स्टेन्शन त्या दूरच्या यंत्राशी जोडल्यावर गप्प बसले, तर ती एक्स्टेन्शनला दोष देत नाही. ‘मला हे जमत नाही’ असे म्हणते आणि उठते. मला या विषयाचा छंद लागला तो यामुळे.

दूरच्या संगणकावर काम करणे तसे जुने आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा स्वस्तातले खाते ‘शेल’ खाते असायचे. चित्रे नाहीत, काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे. फोन लावून निगमच्या संगणकात शिरायचे आणि तिथेच टंकायचे. माझ्या पिढीला आठवत असेल, ‘क’ दाबला की तो आधी तारेतून निगमच्या यंत्राकडे जायचा, ते यंत्र तो परत पाठवायचे आणि मग पडद्यावर उमटायचा. लाइन खराब असली की बोटे पुढे आणि अक्षरे मागे. त्याच वर्षी फिनलंडमध्ये टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिले आणि हीच वाहतूक कुलूपबंद झाली. पण अक्षराची फेरी तशीच राहिली. आजही एसएसएचमधून दूरच्या यंत्रावर ‘व्हिम’ उघडले तर प्रत्येक अक्षर तिकडे जाऊन येते.

ही फेरी किती महाग पडते ते आकड्यात पाहू. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. सरळ तार टाकली असे मानले तरी जायला-यायला मिळून १२५ मिलिसेकंद लागतात. समुद्रातल्या तारा सरळ नसतात आणि वाटेत यंत्रेही असतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो. एका अक्षरासाठी हे चालून जाईल, पण दिवसभर टंकताना जीव नकोसा होतो. वेग वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण प्रकाशाला घाई करता येत नाही. अक्षर घरीच उमटले पाहिजे आणि जड काम तेवढे तिकडे गेले पाहिजे. म्हणजे एडिटरचे दोन तुकडे करायला हवेत.

ते तुकडे कसे झाले ही गोष्ट मला फार आवडते. मायक्रोसॉफ्टने २०१५च्या एप्रिलमध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड जाहीर केला. लोक त्याला व्हीएस कोड म्हणतात. आज जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा कोड एडिटर तोच. तो घडवणाऱ्या झुरिचच्या चमूचे प्रमुख होते एरिक गामा. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४च्या प्रसिद्ध पुस्तकाच्या चार लेखकांपैकी ते एक. आधीच्या एडिटरांमध्ये एखादे आळशी एक्स्टेन्शन साऱ्या एडिटरला गोठवून टाकत असे. गामांच्या चमूने एक्स्टेन्शन्सना एडिटरच्या पडद्याला हातच लावू दिला नाही. ती सगळी वेगळ्या प्रक्रियेत बसवली. तिला एक्स्टेन्शन होस्ट म्हणतात. पडदा आणि होस्ट यांचे बोलणे निरोपांतून चालते. २०१६च्या जूनमध्ये त्यांनी रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्या साथीने भाषा जाणणाऱ्या सर्व्हरशी बोलण्याची एक सामाईक पद्धतही मांडली, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. तेव्हा हे सगळे टंकणे अडखळू नये म्हणून केले होते. पण दोन माणसे चिठ्ठ्यांवरच बोलत असतील तर त्यांतला एक दुसऱ्या गावी गेला तरी बिघडत नाही. मे २०१९मध्ये नेमके तेच झाले. होस्ट उचलून दूरच्या यंत्रावर ठेवला गेला आणि या व्यवस्थेला ‘रिमोट डेव्हलपमेंट’ हे नाव मिळाले.

आता ही व्यवस्था आपल्याकडच्या भाषेत सांगतो. सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेला पाणी देणारा शेतकरी हल्ली विहिरीपर्यंत चालत जात नाही. मोटारीच्या पेटीत सिमकार्डाचा स्टार्टर असतो. लाइट आली की फोन येतो आणि घरच्या कट्ट्यावर बसून मोटार चालू करता येते. या व्यवस्थेत कुठली वस्तू कुठे हवी हे कुणाला शिकवावे लागत नाही. विहिरीत पाणी आहे की नाही हे सांगणारा सेन्सर विहिरीतच हवा, घरातल्या हंड्यात सोडून उपयोग नाही. फोनची घंटा मात्र घरीच वाजायला हवी. ती विहिरीवर वाजली तर फक्त कावळे ऐकणार.

एक्स्टेन्शनचेही तसेच आहे. व्हीएस कोड त्यांचे दोन प्रकार मानतो. पडद्याशी संबंध असणारी ती ‘यूआय’ म्हणजे घरची : रंगसंगती, कळांची मांडणी वगैरे. फाइलींशी आणि दूरच्या यंत्रातल्या अवजारांशी संबंध असणारी ती ‘वर्कस्पेस’ म्हणजे विहिरीवरची : पायथन समजणारे, चाचण्या चालवणारे, चुका शोधणारे. प्रत्येक एक्स्टेन्शनसोबत ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची ओळखपत्रासारखी फाइल असते. तिच्यात ‘एक्स्टेन्शनकाइंड’ या रकान्यात लेखकाने जागा लिहायची. दोन्ही लिहिल्या तर पहिली पसंतीची. काहीच लिहिले नाही तर एडिटर स्वतः अंदाज बांधतो, आणि ज्यात खराखुरा कोड आहे ते एक्स्टेन्शन सहसा विहिरीवर पाठवतो. अंदाज चुकला तर वापरणाऱ्यालाही आपल्या सेटिंगमध्ये ‘रिमोट डॉट एक्स्टेन्शनकाइंड’ लिहून जागा बदलता येते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

माझे स्वतःचे एक लहान एक्स्टेन्शन आहे. जिल्ह्याच्या जुन्या पर्जन्यनोंदी मी टंकून ठेवतो. त्यांतले देवनागरी अंक हिशेबासाठी इंग्रजी अंकांत बदलावे लागतात, आणि मग महिनावार पावसाचा आलेख पाहायचा असतो. अंक बदलण्याचे काम एडिटरमधल्या मजकुरावरच होते, फाइल उघडावी लागत नाही, म्हणून ते कुठेही चालते. आलेखाचे काम मात्र दूरच्या यंत्रावर नेले की अशा साऱ्या खाचखळग्यांतून जाते.

पहिला खळगा ‘लोकलहोस्ट’चा. संगणकाच्या भाषेत लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. आलेख दाखवणारा छोटा सर्व्हर विहिरीवर चालू होतो आणि सांगतो, लोकलहोस्टच्या ३००० क्रमांकाच्या दारावर या. पण पान उघडते घरच्या पडद्यावर, आणि घरचा ‘मी स्वतः’ म्हणजे माझा लॅपटॉप. तिथे ३००० क्रमांकाचे दार बंद, म्हणून पांढरे पान. पत्रात ‘मी घरीच आहे’ एवढेच लिहून पत्ता न देण्यासारखे हे आहे. यावर उपाय आहे. पत्ता थेट न वापरता तो आधी एडिटरच्या ‘अ‍ॅझएक्स्टर्नलयूआरआय’ या सोयीतून घालवायचा. मग एडिटर दोन्ही घरांमध्ये बोगदा खणतो आणि इकडून उघडेल असा पत्ता हातात देतो.

याच कुळातली आणखी दोन दुखणी आहेत. एक्स्टेन्शनने ब्राउझर उघडण्यासाठी बाहेरचे एखादे तयार पॅकेज वापरले असेल, तर ब्राउझर उघडायचा प्रयत्न विहिरीवर होतो, जिथे पडदाच नाही. ‘कॉपी’ केलेला मजकूरही तसाच दूरच्या यंत्राच्या क्लिपबोर्डवर जाऊन पडतो आणि इकडे चिकटवायला गेले तर काल कॉपी केलेला फोन नंबर उमटतो. व्हीएस कोडने दोन्हींसाठी स्वतःच्या सोयी दिल्या आहेत, ‘ओपनएक्स्टर्नल’ आणि ‘क्लिपबोर्ड’. त्या वापरल्या की घंटा घरी वाजते. पासवर्ड किंवा किल्ली साठवायची असेल तर फाइलीत लिहून न ठेवता ‘सीक्रेट्स’ ही सोय वापरावी. ती घरच्या यंत्राच्या तिजोरीत राहते.

फाइलींचे दुखणे उलट दिशेचे. समजा एक्स्टेन्शन घरचे आहे आणि त्याला फाइल वाचायची आहे. त्याला मिळणारा पत्ता ‘फाइल’ या शब्दाने सुरू होत नाही, ‘व्हीएसकोड-रिमोट’ने होतो. लेखकाने नोडची नेहमीची फाइल वाचण्याची पद्धत वापरली असेल तर ती माझ्या लॅपटॉपवर ती फाइल शोधते आणि नाही म्हणून सांगते. ‘वर्कस्पेस डॉट एफएस’ या मार्गाने मागितली तर एडिटर ती तिकडून आणून देतो. शिवाय विंडोजच्या पत्त्यांत उलटी तिरपी रेघ आणि लिनक्सच्या पत्त्यांत सुलटी. पत्ते हाताने जोडणारे लेखक इथे सापडतातच. पायथन कुठे आहे यासारखी सेटिंग ‘मशीन’ या कक्षेची आहे असे ओळखपत्रात नोंदवले नाही, तर माझ्या लॅपटॉपवरचा सी ड्राइव्हचा पत्ता लिनक्सच्या यंत्राला सांगितला जातो.

एक बारकावा अनुभवी लेखकांनाही चकवतो. एक एक्स्टेन्शन दुसऱ्याला आपली फंक्शन्स थेट वापरू देऊ शकते, पण दोघे एकाच होस्टमध्ये असतील तरच. एक घरी आणि एक विहिरीवर असेल तर ती देवाणघेवाण बंद. कमांड मात्र दोन्हीकडे पोहोचते, तिच्यासोबत पाठवायचा माल जेसनमध्ये बसेल असा साधा असला म्हणजे झाले. घरंगळणारी भांडी बैलगाडीत चालत नाहीत, गोणीत भरलेले धान्य चालते, तसे.

या सगळ्यांहून अवघड प्रश्न यंत्राच्या जातीचा. काही एक्स्टेन्शन्समध्ये जावास्क्रिप्टसोबत विशिष्ट यंत्रासाठी घडवलेला तयार भागही असतो. लेखकाच्या विंडोजवर घडवलेला भाग लिनक्सवर चालत नाही. इंटेलसाठीचा भाग रास्पबेरी पायच्या आर्म चिपवर चालत नाही. लिनक्समध्येही अल्पाइन ही शाखा मूळ सी लायब्ररीच वेगळी वापरते. २०२१पासून एकाच एक्स्टेन्शनच्या प्रत्येक जातीसाठी वेगवेगळ्या प्रती प्रसिद्ध करता येतात आणि दूरचे यंत्र पाहून योग्य प्रत आपोआप बसते. त्याआधी लेखक सगळे भाग एकाच गाठोड्यात बांधत, किंवा बांधायचे विसरत.

सी लायब्ररीवरून २०२४मध्ये मोठा गदारोळ झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलेल्या १.८६ या आवृत्तीला दूरच्या यंत्रावर जीलिबसी २.२८ किंवा त्याहून नवी लायब्ररी लागू लागली. सेंटओएस ७मध्ये ती २.१७ आहे, उबुंटू १८.०४मध्ये २.२७. म्हणजे उबुंटूवाले अवघ्या एका पायरीने हुकले. एडिटर आपणहून अद्ययावत झाला आणि रात्रीतून हजारो लोकांची कामाची यंत्रे दिसेनाशी झाली. ज्यांना त्रास झाला त्यांत विद्यापीठांची आणि महासंगणक केंद्रांची माणसे पुष्कळ होती, कारण तिथे एकदा बसवलेली प्रणाली वर्षानुवर्षे हलवत नाहीत. तक्रारी झाल्या आणि काही दिवसांतच वर्षभराची सवलत मिळाली. सवलत देणे योग्यच होते, पण आधी विचारले असते तर अधिक बरे झाले असते, असे माझे मत आहे.

महासंगणकाचा विषय निघाला तर आपल्या राज्याचा उल्लेख व्हायलाच हवा. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतला परम ब्रह्म २०१९मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत आला. अशा यंत्रासमोर खुर्ची टाकून कुणी बसत नाही. संशोधक दुरूनच शिरतात, आणि शिरतात ते ‘लॉगिन नोड’ नावाच्या ओसरीत. खरे गणित आतल्या खोल्यांत चालते. जगभरातल्या बऱ्याच केंद्रांचे व्यवस्थापक व्हीएस कोडवर नाराज असतात, कारण प्रत्येक पाहुण्याचा एक्स्टेन्शन होस्ट या सामाईक ओसरीत पथारी पसरतो. पन्नास जणांची फाइली चाळणारी एक्स्टेन्शन्स एकदम सुरू झाली की ओसरी भरून जाते. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने सारा फोल्डर न चाळता उघडलेल्या फाइलीपुरते काम करणे हे अशा ठिकाणी सौजन्य ठरते. आतल्या खोल्यांना बहुधा इंटरनेटही नसते. ‘पहिल्यांदा चालू होताना मी माझे अवजार उतरवून घेईन’ असे म्हणणारे एक्स्टेन्शन तिथे अडून बसते.

आता देवनागरी. हा भाग बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘सांगोला’ या शब्दात किती अक्षरे? शाळेतले मूल तीन सांगेल : सां, गो, ला. युनिकोड सात सांगते, कारण स, काना, अनुस्वार, ग, ओकार, ल, काना हे तिथे वेगवेगळे मोजले जातात. आणि यूटीएफ-८ या साठवणीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणून एकवीस. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने मोजमाप ठरवले ते यूटीएफ-१६चे, म्हणजे सात. विहिरीवरचा सर्व्हर बाइट मोजणाऱ्या भाषेत लिहिलेला असेल आणि लेखकाने हिशेब जुळवला नसेल, तर तो एकवीस सांगतो. इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे लेखकाला त्याच्या चाचणीत काहीच दिसत नाही. मराठी मजकूर असलेल्या ओळीत मात्र तांबडी रेघ चुकीच्या शब्दाच्या जागी न येता चौदा घरे पुढे उमटते. कधी भलताच शब्द बदलला जातो. २०२२च्या ३.१७ या आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना सुरुवातीलाच कुठल्या मापाने मोजायचे ते ठरवून घेता येते. माझी सूचना एवढीच, की एक्स्टेन्शन तपासताना एका ओळीत ‘सांगोला’ लिहून पाहावे. आपल्या गावाचे नाव लिहिले तरी हरकत नाही.

अक्षरांचे चित्र मात्र घरीच काढले जाते. त्यामुळे देवनागरी फाँट आणि मराठी कळफलक फक्त आपल्या लॅपटॉपवर हवा, दूरच्या यंत्रावर नको. टर्मिनलमध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हे दिसली तर फाँट शोधत बसू नये. तिकडच्या यंत्राची भाषा-व्यवस्था यूटीएफ-८ आहे का ते पाहावे. छोट्या कंटेनरांत ती बहुधा नसते.

तपासणीसाठी विकतचे दूरचे यंत्र लागत नाही. पलीकडच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि ओपनएसएसएच टाकले की आपली विहीर तयार. तेही नसेल तर विंडोजमधला डब्ल्यूएसएल किंवा डॉकरचा कंटेनर चालतो. जोडणी झाल्यावर आपली व्हीएसआयएक्स फाइल त्या खिडकीतून बसवावी आणि ‘शो रनिंग एक्स्टेन्शन्स’ ही कमांड द्यावी. कोण घरी चालले आहे आणि कोण तिकडे, याची यादी समोर येते. मग मुद्दाम वाय-फाय बंद करून पाहावे. आमच्याकडे हे काम महावितरण आपणहून करते. जोडणी तुटली तरी तिकडचा होस्ट लगेच मरत नाही, ठरावीक मुदतीनुसार तीन तास वाट पाहतो. एक्स्टेन्शनने या मधल्या काळात आपले काम न विसरणे हे लेखकाचे कौशल्य.

एक सावधगिरी. दूरचे यंत्र अनोळखी असेल तर जोडू नये. आपण तिकडे जातो तसा तिकडचा दुष्ट प्रोग्रॅम याच वाटेने आपल्या घरात येऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःच तसा इशारा देते.

आणि परवान्याचा प्रश्न. व्हीएस कोडचा गाभा मुक्त स्रोताचा आहे, पण दूर जोडणारी मायक्रोसॉफ्टची एक्स्टेन्शन्स तशी नाहीत. त्यांच्या दुकानातला मालही अटींनुसार त्यांच्याच एडिटरमध्ये वापरायचा असतो. व्हीएसकोडियम वापरणाऱ्यांसाठी एक्लिप्स फाउंडेशनचे ओपन व्हीएसएक्स हे वेगळे भांडार आहे. एकाच एक्स्टेन्शनची प्रत दोन्हीकडे स्वतंत्रपणे चढवावी लागते, आणि दुसरीकडे चढवायचा कंटाळा बरेच जण करतात. माझे पावसाचे एक्स्टेन्शन मी दोन्हीकडे ठेवले आहे. दर सुधारणेमागे पाच मिनिटे जास्त लागतात.